रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमट आणि आपलं कापसाचं गोदाम

थाळनेर हे शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरींवरचे घुमट अजून गावात उभे आहेत. अशा घुमटाखाली उभं राहून एक टाळी वाजवून बघा. ती वाजून थांबत नाही. डोक्यावर फिरते, अंगावर येते आणि मग सावकाश विरते. शाळेच्या सहलीत आम्ही पोरांनी तिथे टाळ्या वाजवून गुरुजींना हैराण केलं होतं. त्या टाळीला तसं होण्याचं कारण काय, हे मला कळायला पुढची चाळीस वर्षं लागली, आणि ते कळलं थेट लंडनच्या एका सभागृहात.

थाळनेर हे लतादीदींचं आजोळ. त्यांच्या आई, माई मंगेशकर, याच गावच्या. आणि मार्च १९७४ मध्ये लतादीदींनी परदेशातला आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला तो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. दिलीपकुमारांनी त्यांची ओळख करून दिली होती. त्या ध्वनिमुद्रणाची कॅसेट आमच्याकडे होती आणि ती इतकी वाजली की फीत ताणली गेली. त्यामुळे लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा मी तिला म्हटलं, "राजवाडा नंतर बघू, आधी अल्बर्ट हॉल." तिकडे जाऊन जे बघितलं, ऐकलं आणि त्यानंतर जे वाचून समजून घेतलं, ते आपल्याकडच्या भाषेत सांगतो. कारण अल्बर्ट हॉलची खरी गोष्ट राणीची किंवा विटांची नाही. एका देखण्या वास्तूत आवाजच नीट बसेना आणि तो बसवण्यात शंभर वर्षं गेली, ती ही गोष्ट आहे.

आधी ही वास्तू उभी कशी राहिली ते बघू. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जगभरच्या वस्तूंचं प्रचंड प्रदर्शन भरलं. काचेच्या महालातलं हे प्रदर्शन ६० लाख लोकांनी पाहिलं. खर्च वजा जाता १,८६,००० पौंड शिल्लक राहिले. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट या प्रदर्शनामागे होते. या पैशांतून पार्कच्या दक्षिणेला जमीन घ्यावी आणि तिथे संग्रहालयं, महाविद्यालयं, एक मोठं सभागृह असं विद्येचं आणि कलेचं गावच वसवावं, अशी त्यांची कल्पना होती. जमीन घेतली गेली. सभागृह उभं राहण्याआधीच, डिसेंबर १८६१ मध्ये, अल्बर्ट ४२ व्या वर्षी वारले. पुढे हेन्री कोल नावाच्या खटपट्या माणसाने ते काम नेटाने रेटलं. आज त्या भागात निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय, विज्ञान संग्रहालय, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, इम्पीरियल कॉलेज अशा संस्था पायी फिरण्याच्या अंतरात आहेत.

पैशांचा भाग मला सगळ्यात ओळखीचा वाटला, कारण आपल्याकडे सहकारी साखर कारखाने आणि सूतगिरण्या अशाच उभ्या राहिल्या. आधी सभासद करा, भागभांडवल गोळा करा, मग चिमणी उभी करा. अल्बर्ट हॉल बांधायला पैसे कमी पडत होते, तेव्हा खुर्च्याच विकल्या. एका खुर्चीचे १०० पौंड द्यायचे आणि त्या खुर्चीवर ९९९ वर्षांचा हक्क मिळवायचा. अशा तेराशेवर खुर्च्या विकल्या गेल्या. खुद्द राणीने २० घेतल्या. जमीनही ९९९ वर्षांच्या कराराने मिळाली, वर्षाला एक शिलिंग भाड्यावर. हे हक्क वारसांकडे जातात, विकताही येतात. आजही ५,२७२ जणांच्या या सभागृहातल्या सुमारे साडेबाराशे जागा खासगी मालकीच्या आहेत. सभासद दरवर्षी ठरलेली वर्गणी भरतात आणि बहुतेक कार्यक्रमांना त्यांची खुर्ची त्यांचीच असते. मात्र काही सभासद आपली तिकिटं चढ्या भावाने बाहेर विकतात, म्हणून तिकडे बरीच वर्षं वाद चालू आहे. संस्था धर्मादाय आहे, सरकारचं नियमित अनुदान घेत नाही, आणि तिच्याच कारभारात बसलेल्यांना खुर्चीचा नफा मिळावा हे मलाही पटत नाही. पण त्या १०० पौंडांशिवाय ही इमारत झालीच नसती, हेही तितकंच खरं.

आराखडा केला कॅप्टन फ्रान्सिस फाउक या लष्करी अभियंत्याने. रोमन लोकांची गोल, उघडी रंगस्थळं त्याच्या डोळ्यांसमोर होती. कीर्तनाला किंवा आपल्या खान्देशी वहीगायनाला लोक जसे गायकाभोवती कोंडाळं करून बसतात, तीच कल्पना हजारो माणसांसाठी. १८६५ मध्ये फाउक गेला आणि काम मेजर-जनरल हेन्री स्कॉटकडे आलं. २० मे १८६७ रोजी राणीने पायाचा दगड बसवला आणि त्याच वेळी वास्तूला पतीचं नाव दिलं. साठ लाख लाल विटा लागल्या. वरून बघितलं तर वास्तू अगदी वर्तुळ नाही, लंबगोल आहे. तिच्यावरचा लोखंड आणि काचेचा घुमट एका बाजूने सुमारे ६७ मीटर, दुसऱ्या बाजूने ५६ मीटर.

त्या घुमटाची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचा लोखंडी सांगाडा मँचेस्टरला जोडून बघितला, पुन्हा सुटा केला आणि घोडागाड्यांतून लंडनला आणून इथे परत जोडला. खालून टेकू लावलेले होते. मे १८६९ मध्ये ते टेकू काढायचा दिवस आला तेव्हा सगळ्यांना बाहेर पाठवलं, फक्त स्वखुशीने थांबणारे आत राहिले. टेकू निघाले आणि घुमट खाली बसला. किती? इंचाचे पाच सोळांश, म्हणजे जेमतेम ८ मिलीमीटर. आणि तिथेच थांबला. दीडशे वर्षं झाली, तो तिथेच आहे.

२९ मार्च १८७१ रोजी उद्घाटन झालं. राणीला पतीच्या आठवणीने शब्द फुटेना, म्हणून युवराजाने सभागृह खुलं झाल्याचं जाहीर केलं. लंडनच्या बिशपने प्रार्थना म्हटली. आणि प्रार्थनेचे शब्द घुमटाकडून परत आले. नुसते घुमले असते तर कुणाला खटकलं नसतं. पण ते वेगळे, स्पष्ट, दुसऱ्यांदा ऐकू आले. जमलेल्या हजारो लोकांना त्याच क्षणी कळलं की इतक्या थाटाच्या वास्तूत काहीतरी चुकलंय. पुढे लंडनमध्ये एक वाक्य प्रसिद्धच झालं: इंग्रज संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळण्याची खात्री असलेली ही एकमेव जागा.

चुकलं काय, हे कळायला लंडन थोडा वेळ बाजूला ठेवून आपल्या जिनिंगमध्ये जाऊ.

माझे वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की पत्र्याचं ते मोठं गोदाम आढ्यापर्यंत भरायचं. मधल्या बोळातून आम्ही पोरं पळायचो. एकदा माझा धाकटा भाऊ त्या ढिगांच्या मधोमध उभा राहून ओरडला आणि घाबरून आमच्या हमालाला म्हणाला, "आप्पा, मन्हा आवाज कथा गया?" आप्पांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली: "कापूस खाई गया रे भो." उन्हाळ्यात हंगाम संपला, गोदाम झाडून लख्ख झालं, की त्याच जागी नुसतं खाकरलं तरी पत्रा थरथरल्यासारखा वाटायचा. तेच गोदाम, तोच पत्रा. फरक फक्त कापसाचा.

आप्पांनी एका वाक्यात जे सांगितलं त्याचं गणित १८९५ नंतर अमेरिकेत मांडलं गेलं. हार्वर्ड विद्यापीठात एक नवीन व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे बोललेलं काही समजायचं नाही. उच्चारलेला आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. एवढ्या वेळात वक्ता अख्खं वाक्य बोलून मोकळा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते दुरुस्त करायचं काम आलं. रात्री सामसूम झाली की तो जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, बंद करायचा आणि स्टॉपवॉच हातात धरून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. अशा कितीतरी रात्रींनंतर त्याला एक साधा नियम सापडला.

नियम असा. खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका आवाज जास्त वेळ रेंगाळतो. आवाज पिणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो लवकर विरतो. या रेंगाळण्याला आपल्या शाळेच्या पुस्तकात निनाद म्हणतात. पिण्याचं माप म्हणून सॅबिनने उघडी खिडकी धरली, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. भिंत किती चौरस मीटर खिडकीइतकी, पडदा किती खिडकीइतका, असं सगळं एकाच मापात मोजता येतं. बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितो. घनफळाला ०.१६ ने गुणायचं, पिणाऱ्या क्षेत्राने भागायचं. निनादाचे सेकंद मिळतात.

आपलं गोदाम मोजून बघू. समजा ३० मीटर लांब, १५ रुंद, ८ उंच. घनफळ ३,६०० घनमीटर. रिकामं असताना पत्रा, विटा आणि फरशी मिळून समजा १०० चौरस मीटर खिडकीइतका आवाज पितात. तर ३,६०० गुणिले ०.१६ म्हणजे ५७६, भागिले १००. पावणेसहा सेकंद! आता कापूस आला आणि पिणारं क्षेत्र ५०० झालं, तर सव्वा सेकंदही नाही. शिवाय कापसाने गोदामातली हवेची जागाही घटवली, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी. माझा भाऊ घाबरला तो या साडेचार सेकंदांहून जास्त फरकाला.

मग निनाद हा दोष आहे का? अजिबात नाही. भाषणाला साधारण एक सेकंद पुरतो, त्याहून जास्त झाला की शब्द एकमेकांवर चढतात. पण पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास निनाद हवाच, नाहीतर साठ-सत्तर वाद्यं असूनही आवाज कोरडा आणि सुटासुटा लागतो. चर्चमधल्या ऑर्गनला त्याहून जास्त चालतो. आपल्या ख्यालाच्या बैठकीला मोठा निनाद सोसत नाही असं माझं मत. विलंबितात तो गोड वाटेल, पण द्रुत तानेची दाणेदार सफाई आणि तबल्याचे बोल तो पुसून टाकतो. आपल्या दिवाणखान्यातल्या मैफली, धाब्याच्या घरातली मातीची भिंत, लाकडी माळवद, खाली गादी-लोड, यात ते संगीत वाढलं, त्याला हेही एक कारण असावं.

अल्बर्ट हॉलमध्ये खरी अडचण निनादाच्याही पुढची आहे. ती म्हणजे प्रतिध्वनी. निनादात आवाजाची एक शेपटी असते, सलग. प्रतिध्वनीत तोच आवाज सुटा होऊन परत येतो. मूळ आवाजानंतर एक दशांश सेकंदाने परत आला की कान त्याला वेगळा मानतो, म्हणूनच समोरची भिंत किमान १७ मीटर दूर हवी, हे आपण नववीत शिकलोच आहोत. विहिरीत वाकून हाक मारल्यावर नुसतं घुमतं आणि दूरच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारल्यावर नाव परत येतं, त्याचं कारण तेच. आता अल्बर्ट हॉलचा माथा जमिनीपासून सुमारे ४१ मीटरवर आहे. मंचावरून निघालेला आवाज वर जाऊन खाली यायला ८० मीटरच्या आसपास चालतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरून थेट आलेल्या आवाजाच्या मागून वरचा आवाज येतो तो जवळजवळ एक पंचमांश सेकंदाने. बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारतो. म्हणजे बिशपच्या तोंडातून पुढचं अक्षर निघत होतं त्याच वेळी मागचं अक्षर छतावरून पडत होतं.

त्यातही छत सपाट असतं तर तो आवाज पसरून क्षीण झाला असता. पण घुमट आतून खोलगट. घरावरची डिशची छत्री जशी आकाशातून आलेला सिग्नल एका टोकाशी गोळा करते, तसा घुमट आवाज गोळा करून मोजक्या जागांवर सोडतो. तिथे बसलेल्याला परत आलेला आवाज चक्क मूळ आवाजाइतका दणदणीत लागतो आणि चार रांगा पलीकडे बसलेल्याला काहीच खटकत नाही. थाळनेरच्या घुमटाखाली माथा जवळ असल्यामुळे आवाज वेगळा पडत नाही, नुसता फिरतो. तिथली टाळी आणि इथली प्रार्थना यांच्यातलं अंतर एवढंच, उंचीचं.

दुसरीही एक उणीव होती, आणि ती लवकर लक्षात येत नाही. चांगल्या सभागृहात थेट आवाजाच्या पाठोपाठ, काही शतांश सेकंदांत, बाजूच्या भिंतींवरून परतलेला आवाज कानाला येऊन मिळतो. कान त्याला वेगळा धरत नाही. उलट मूळ आवाज भरदार लागतो, आपण संगीताच्या आत बसलोय असं वाटतं. व्हिएन्नाचं १८७० साली उघडलेलं म्युझिकफेराइन सभागृह आवाजासाठी जगात वाखाणलं जातं. ते काड्यापेटीसारखं लांबट आहे आणि रुंदी फक्त १९ मीटर. भिंती दोन्हीकडून जवळ. अल्बर्ट हॉल त्याच्यानंतर वर्षभराने उघडलं, पण त्याचं घनफळ सुमारे ८६,००० घनमीटर, व्हिएन्नाच्या जवळजवळ सहा पट! भिंती कुठल्या कुठे. जवळच्या भिंतींचा आधार नाही आणि उशिराचा तडाखा मोठा, असं दुहेरी दुखणं. फाउक आणि स्कॉट यांना दोष द्यायला माझं मन घेत नाही. सॅबिन गाद्या उचलायला लागला तो अल्बर्ट हॉल उघडल्यावर चोवीस वर्षांनी. १८७१ मध्ये हे गणित जगात कुणाकडेच नव्हतं.

उपाय लगेच सुरू झाले. आधी घुमटाखाली कापडाचं मोठं छत ताणलं, आपल्याकडे मांडवाला बांधतात तसं. त्याने उन्हाची तिरीप अडली, आवाज थोडा सुधारला. पण पातळ कापड बारीक, उंच स्वर पितं. ढोल किंवा ऑर्गनचे खालचे, जाड स्वर त्यातून आरपार जातात आणि घुमटावर आपटून परत येतात. तरी ते कापड कित्येक दशकं तसंच लोंबत राहिलं. १९४९ मध्ये ते काढून घुमटाच्या आतून पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसवले. तरी प्रतिध्वनी पुरता गेला नाही.

खरा उतारा सापडला १९६९ मध्ये. छतापासून फायबरग्लासच्या १३५ मोठ्या तबकड्या खाली लोंबकळत सोडल्या. लोक त्यांना मशरूम म्हणतात, भूछत्र्या. त्यांचं काम समजायला आपल्या शेतातलंच उदाहरण पुरेल. पाटाचं पाणी सोडलं की ते एका लोटाने एकाच वाफ्यात घुसतं. तेच पाणी तुषार सिंचनाच्या तोटीतून आलं की चहूकडे सारखं उडतं. खोलगट घुमट आवाजाचा पाट करत होता. खालून फुगीर असलेल्या या तबकड्या त्याचे तुषार करतात. शिवाय त्या घुमटाच्या बऱ्याच खाली आहेत, म्हणून त्यांच्यावरून परतणारा आवाज लवकर पोहोचतो आणि मूळ आवाजाला आधार देतो. एका उपायाने दोन्ही दुखणी हलकी झाली. २००१ मध्ये घुमटाच्या आतल्या भागाचं काम केल्यावर तबकड्या कमी करून ८५ ठेवल्या आणि त्यांची मांडणी बदलली. आज भरलेल्या सभागृहात निनाद अडीच सेकंदांच्या आत आहे. पियानोचा एकटा, नाजूक सूर तिथे अजूनही थोडा हरवल्यासारखा वाटतो, निदान मला वाटला. पण मोठा वाद्यवृंद, मोठं समूहगान आणि ऑर्गन यांना ती जागा आता शोभते.

ऑर्गन तर ऐकावाच. हेन्री विलिस यांनी तो १८७१ मध्ये बांधला, पुढे दोनदा मोठी दुरुस्ती झाली, आता त्यात ९,९९९ नळ्या आहेत. सगळ्यात खालचा स्वर कानाआधी छातीला कळतो.

आता जाणाऱ्यांसाठी. भुयारी रेल्वेने साउथ केन्सिंग्टन स्टेशनला उतरा, तिथून संग्रहालयांच्या रस्त्याने पायी दहा-पंधरा मिनिटं. कार्यक्रमाच्या आधी तासभर तरी पोहोचा आणि इमारतीला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. वरच्या बाजूला सगळीकडून फिरलेली मातीच्या तुकड्यांची चित्रपट्टी आहे, जवळजवळ २४४ मीटर लांब. कला आणि विज्ञान यांची प्रगती तिच्यात दाखवली आहे. ती जोडण्याचं काम तिथल्या कलाशाळेच्या मोझेक वर्गातल्या स्त्रियांनी केलं. मान दुखेपर्यंत बघण्यासारखी आहे.

रस्त्याच्या पलीकडे बागेत प्रिन्स अल्बर्टचं सोनेरी स्मारक दिसेल. त्याच्या एका कोपऱ्यावर आशिया खंड कोरलाय, हत्तीवर बसलेल्या स्त्रीच्या रूपात. हे स्मारक जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचं. हे दुसरे स्कॉट, घुमटवाले नव्हेत. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच स्कॉटनी आखला. तो मनोरा ओळखणाऱ्याला या स्मारकाची टोकं, कमानी परक्या वाटत नाहीत.

आतून बघायला मार्गदर्शकासह फेरी असते, साधारण तासाभराची. ज्यांना संगीताची आवड नाही त्यांनीही ती घ्यावी, कारण या एका छताखाली काय काय झालंय ते ऐकून थक्क व्हायला होतं. १९०९ मध्ये इथे काथ्याच्या चटईवर गोल गोल पळत अख्खी मॅरेथॉन झाली, पाचशेहून अधिक फेऱ्यांची. ऑक्टोबर १९३३ मध्ये जर्मनी सोडून आलेल्या आइन्स्टाइननी निर्वासित विद्वानांसाठी इथे भाषण केलं. १९९१ मध्ये जपानी सुमो कुस्त्या झाल्या. मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांच्या सभा झाल्या, मुष्टियुद्धं झाली, टेनिस झालं.

पण एकच गोष्ट करायची असेल तर उन्हाळ्यात जा आणि प्रॉम्स या संगीत महोत्सवाचा कार्यक्रम उभ्याने ऐका. जुलै ते सप्टेंबर, आठ आठवडे, जवळजवळ रोज संध्याकाळी. सामान्य माणसाला कमी पैशांत उत्तम संगीत मिळावं म्हणून १८९५ मध्ये हा उपक्रम क्वीन्स हॉल या दुसऱ्या सभागृहात सुरू झाला. त्या सभागृहाचा आवाज अल्बर्ट हॉलपेक्षा सरस मानला जायचा. मे १९४१ मध्ये जर्मन बाँबफेकीत ते जळून गेलं आणि प्रॉम्स त्याच वर्षी इथे आले. मधल्या गोल जागेतल्या खुर्च्या काढून टाकतात आणि तिथे हजारभर लोक उभे राहतात. उभ्याचं तिकीट स्वस्त असतं, २०२४ मध्ये ते ८ पौंडांपासून होतं, आणि ते त्याच दिवशी घ्यायचं.

आपल्याकडे संगीत महोत्सवात भारतीय बैठक पुढे असते आणि सतरंजीवर बसलेला रसिक गायकाच्या सगळ्यात जवळ असतो. इथेही स्वस्त तिकिटाचा माणूस वाद्यवृंदाच्या पुढ्यात आणि हजारो पौंडांच्या खुर्च्या त्याच्या मागे. वाद्यवृंदाने सूर जुळवायला सुरुवात केली आणि मी सहज मागे वळून बघितलं. चहूबाजूंनी माणसांच्या चेहऱ्यांचे मजल्यावर मजले, सगळे आपल्याकडे तोंड करून. व्हिएन्नाच्या लांबट सभागृहात पुढच्याची पाठ दिसते. इथे माणसं दिसतात. ज्या गोलाईने आवाजाचा घात केला त्याच गोलाईने हे दिलं. फाउकला हेच तर हवं होतं. पाय दुखत असतील तर सगळ्यात वरच्या गॅलरीतलं उभं तिकीट घ्या. तिथे कठड्याला टेकता येतं, काही जण तर मागे सतरंजी अंथरून आडवे पडून ऐकतात. भूछत्र्या तिथून अगदी समोर दिसतात, निळ्या-जांभळ्या प्रकाशात.

लतादीदी गायल्या तेव्हा त्या तबकड्या लावून पाचच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज अर्थातच माइकमधून आला. माइक ओठांजवळ असला की त्यात सभागृह फारसं शिरत नाही; गाणं जवळचं, स्वच्छ उमटतं. म्हणून त्या ध्वनिमुद्रणात गाणं ऐकताना अल्बर्ट हॉल जवळपास लपलेलं असतं. ते पुन्हा ऐकाल तेव्हा कानांना हेडफोन लावा आणि गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. टाळ्यांना कुणी माइक धरलेला नसतो. हजारो तळहातांचा तो आवाज भिंतींना लागतो, वर जातो, तबकड्यांवर फुटतो आणि खाली येतो. त्या टाळ्या विरेपर्यंत ऐका.